लेओनिदिओची माती

अथेन्स पाहून झाल्यावर आठ-दहा दिवस कोठेतरी निवांत काढावेत, एवढाच आमचा हेतू होता. म्हणून आम्ही उभयतांनी पेलोपोनीझच्या पूर्व किनाऱ्यावरील लेओनिदिओ निवडले. गाव तांबड्या, उभ्या कड्यांच्या पायथ्याशी वसले आहे. तेथून समुद्रापर्यंतच्या सपाटीत ऑलिव्ह, संत्री आणि वांग्यांचे मळे. प्लाका या इवल्या बंदरात सकाळी मासेमारीच्या होड्या, दुपारी सामसूम. पाण्यात पाय सोडून आम्ही तासन्‌तास बसत असू. एकदा रमतगमत पुलिथ्राला गेलो. एकदा पार्नोन पर्वतावरच्या कोस्मास गावी, चौकातल्या चिनारांच्या सावलीत दुपार काढली. वाटेत कड्याला बिलगलेला एलोनाचा मठ लागतो.

येथले वांगे लांबट, जांभळ्यावर पांढरे पट्टे असलेले, चवीला गोडसर. कोवळी वांगी पाकात मुरवून पाहुण्यापुढे ठेवतात. वांग्याचा मुरंबा! आमच्यापैकी एकीने बशी प्रथम संशयाने दूर सारली आणि मग दोनदा मागून घेतली.

परंतु मनात राहिली ती येथली बोली. या भागाला त्साकोनिया म्हणतात. आजची ग्रीक मुख्यत्वे अथेन्सच्या वळणाच्या बोलीतून वाढली; त्साकोनियन मात्र स्पार्टाकडील प्राचीन डोरिकची लेक. ग्रीकमध्ये आई म्हणजे ‘मितेरा’, त्साकोनियनमध्ये ‘माती’. आपली ‘माता’ किती जवळ! ती बोलणारे आता थोडे, बहुतेक वृद्ध. आमच्या खाणावळवाल्याला ती समजते. त्याच्या मुलाला नाही.

मार्मारा समुद्राकाठी, आजच्या तुर्कस्तानात, पूर्वी त्साकोनियन वस्तीची गावे होती. परमुलखात ही बोली त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली. १९२३ साली लोझान येथे लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. ती माणसे ग्रीसमध्ये आली आणि चहूकडे ग्रीकच कानी पडू लागल्यावर त्यांची बोली मावळली. परक्यांत जगलेली भाषा आपल्यांत येऊन संपली.

हे ऐकून आम्ही बराच वेळ गप्प होतो. आमचे घराणे गायकवाडांच्या मागोमाग बडोद्यास आले. गुजरातीचे शब्द आमच्या मराठीत सुखाने नांदले, पण घरचे बोलणे मराठीच राहिले. ‘आता मराठीच्या माहेरी जातो,’ म्हणत आमचा मुलगा पुण्यास स्थायिक झाला. तेथे नात आमच्याशी दूरध्वनीवर इंग्रजीत बोलते, आणि तिच्या वडिलांना आमचे बडोदी मराठी चारचौघांत जरा अवघड वाटते.

निघण्याच्या दिवशी खाणावळवाल्याच्या वृद्ध आईने त्याच्यामार्फत विचारले, तुमच्या भाषेत ‘माती’ म्हणजे काय? आम्ही अंगणातली चिमूटभर माती उचलून तिच्या तळहातावर ठेवली. ती हसली. मग तिने नातवाला जवळ बोलावले, आधी माती दाखवली, नंतर स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि दोन्ही वेळा तो शब्द त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतला.