आंजर्ल्याचा चैत्र

चैत्राचा दुसरा पंधरवडा लागला, मुलांच्या परीक्षा संपल्या, आणि पुण्याच्या घरांत पंख्याखालींहि जीव नकोसा होऊं लागला, म्हणजे आमचीं पावलें कोंकणाकडे वळतात. हा आमच्या कुटुंबाचा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. ताम्हिणीचा घाट उतरून माणगांव गांठावें, सावित्री ओलांडून मंडणगडाच्या चढणीस लागावें, रानांत कुसुंबाची तांबूस पालवी दिसूं लागली कीं मुलांनीं खिडकीबाहेर माना काढाव्या आणि मोठ्यांनीं त्यांस दटावावें, हें ठरलेलेंच.

दापोली तालुक्यांतील आंजर्लें हें गांव जोग नदीच्या मुखाशीं वसलेलें आहे. पूर्वीं खाडी तरींतून ओलांडावी लागे. आतां पूल झाला आहे. मागें डोंगरावर कड्यावरचा गणपति, पुढें समुद्र, आणि दोहोंच्या मध्यें नारळी-पोफळींच्या आगरांत लपलेलीं घरें. देवळाजवळून पाहिलें असतां हर्णैचा सुवर्णदुर्ग पाण्यांत बसल्यासारखा दिसतो. परंतु येथल्या चैत्राचें खरें सुख देवळांत किंवा किल्ल्यांत नाहीं. तें घरांत आहे. सकाळीं तांबट पक्षी आपले एकसुरी ठोके घालूं लागतो. ओटीवर सुरंगीच्या वळेसरांचा वास दरवळत असतो. न्याहारीस मऊ भात व मेतकूट, दुपारच्या जेवणांत ओल्या काजूगरांची उसळ, तिसऱ्या प्रहरीं गार पन्हें. आणि रात्रीं अंगणांत चटया टाकून निजावें, तों झावळ्यांच्या आडून तारे लुकलुकत असतात. हें सुख आम्ही वर्षानुवर्षें भोगीत आलों, आणि तें कोठून येतें, हें विचारण्याची गरज आम्हांस कधीं भासली नाहीं.

यंदा मात्र आमच्या बॅगेंत कपड्यांच्या तळाशीं एक कागद होता. आम्ही तिघे भाऊ. दादा व वहिनी गांवीं राहिलीं. आम्ही दोघे नोकरीनिमित्त पुण्यास आलों आणि तेथलेच झालों. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर आदळलें, आणि एका दिवसांत आमच्या आगराचें होत्याचें नव्हतें झालें. आजोबांच्या हातचे माड मुळांसकट आडवे झाले, पोफळी काडीसारख्या मोडल्या, घराचीं कौलें उडालीं. आम्ही पैसे पाठविले, फोनवर हळहळलों. पुढें हळूहळू आम्हां पुणेकर भावांचें मत होत गेलें कीं, आतां या जागेंत राहिलें काय? रीतसर वाटणी करावी आणि आपापला हिस्सा मोकळा करून घ्यावा. त्या वाटणीचा मसुदा त्या कागदावर होता, आणि तो दादांपुढें ठेवण्याचें काम वडीलकीच्या नात्यानें आमच्याकडे आलें होतें.

घरीं पोहोंचून पाहतों तों वहिनींचा उजवा हात प्लास्टरमध्यें! आठवड्यापूर्वीं विहिरीच्या पायरीवरून पाय घसरून मनगट मोडलें होतें. आम्हांस कोणीं कळविलें नव्हतें.

"कळविलें असतें तर तुम्ही आलांच नसतां, आणि मुलांचा चैत्र बुडाला असता," वहिनी म्हणाल्या. यावर काय बोलावें, हें आम्हांस सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं चैत्रगौरीचें हळदीकुंकू होतें. आंब्याची डाळ आणि पन्हें घरांतील दोघी जावांनीं अंगावर घेतलें. परंतु मुलांनीं धोंडसाचा हट्ट धरला. माजघरांत आढ्याला टांगलेलें शेवटचें पिकलें तवसें वहिनींनीं मुलांसाठींच राखून ठेवलें होतें. अखेर वहिनी पाटावर बसून सांगणार आणि आम्ही करणार असें ठरलें. आजवर जेवणाचें ताट वाढलें कीं मगच स्वयंपाकघरांत पाऊल टाकणारे आम्ही, बाह्या सारून चुलीपुढें बसलों.

तवसें सोलून, बिया काढून किसलें. तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजला. किसाला सुटलेल्या पाण्यांतच गूळ विरघळविला. त्यांत रवा, खवलेला नारळ, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड घालून एक वाफ येईपर्यंत ढवळलें. मग जाड बुडाच्या पातेल्याला आंतून केळीचें पान लावून त्यांत तें मिश्रण ओतलें. येथवर सारें सोपें होतें. खरी परीक्षा पुढेंच. धोंडसाला विस्तव खालून हवा तसा वरूनहि हवा. म्हणून झांकणावरहि निखारे ठेवावयाचे. खालचे जास्त झाले तर बूड करपतें, वरचे कमी पडले तर माथा पांढुरकाच राहतो. करवंट्या एकदम भडकतात, सोडणें नुसतींच धुमसतात. तासाभरांत धुरानें डोळे चुरचुरले, पाठ घामानें भिजली, एक बोट भाजलें. वहिनी मात्र दूर बसून केवळ वासावरून सांगत होत्या, "भाऊजी, आतां खालचा विस्तव थोडा ओढा."

"हें दर वर्षीं कितीदां करतां?" आम्ही विचारलें.

"मोजलें कोणीं? तुम्ही असतां तोंवर तीन-चारदां होतें. मग पापड, कुरडया, आमसुलें, फणसपोळी आहेतच!" त्या हंसून म्हणाल्या.

त्या या घरांत आल्या त्यास ३२ वर्षें झालीं. म्हणजे बत्तीस चैत्र आम्ही हें खात आलों, आणि 'छान झालें' या दोन शब्दांपलीकडे आमची मजल कधीं गेली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहांटे दादा आम्हां सर्वांस समुद्रावर घेऊन गेले. आंजर्ल्याच्या वाळूंत हिंवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें अंडीं घालण्यास येतात. मादी रात्रीं येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडीं घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रांत निघून जाते. पुन्हां तिकडे फिरकत नाहीं. गांवचीं माणसें तीं अंडीं कुत्र्या-कोल्ह्यांपासून वांचवून कुंपणांत ठेवतात, आणि ४५ ते ६० दिवसांनीं पिल्लें वर आलीं कीं त्यांस पाण्याच्या वाटेला लावतात. त्या दिवशीं सात-आठ पिल्लें निघालीं होतीं. मुलें श्वास रोखून पाहत होतीं. "राखणारा असला म्हणजे टिकतें," दादा म्हणाले. ते कासवांविषयींच बोलत होते; आम्ही मात्र मान खालीं घातली.

परततांना त्यांनीं आगर दाखविलें. वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकीं दोघींस यंदा पहिलेच घड आले होते. माडांचीं रोपें आमच्या डोक्यावर गेलीं होतीं. पंप बिघडला म्हणून वहिनी याच रोपांना कळशीनें पाणी घालीत होत्या, आणि त्या खेपांतच पाय घसरला, हें आम्हांस तेव्हां कळलें.

रात्रीं आम्ही तो कागद बाहेर काढला. लपविण्यांत अर्थ नव्हता. दादांच्या हातीं दिला आणि मनांत काय होतें तेंहि सांगितलें. धाकट्या भावाशीं आमचें दुपारींच बोलणें झालें होतें. कागदाच्या कोऱ्या बाजूवर दोघांनीं मिळून लिहिलें: घर व आगर एकत्रच राहावें, उत्पन्न दादा-वहिनींचें, खर्च मात्र तिघांचा, आणि चैत्रांत येणाऱ्यानें पाहुणा म्हणून येऊं नये, पाण्याची व चुलीची पाळी घ्यावी. दादांनीं चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "उद्यां पंपाचा माणूस यायचा आहे. त्याचे पैसे तुम्हीच द्या."

आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानण्याची रीत नाहीं. मानले तर परकेपणा वाटतो, आणि तें खरेंहि आहे. परंतु शब्द वांचले म्हणून ऋणहि फिटलें, अशी समजूत आम्ही करून घेतली होती. वाचकहो, आपल्याहि घरीं एखादी वहिनी किंवा काकू असेल. यंदा सुट्टींत तिच्या हातचें खाण्यापूर्वीं एकदां तिच्या चुलीपुढें तासभर बसून पाहावें, एवढेंच आमचें सांगणें.

निघतांना वहिनींनीं डाव्या हातानें केळीच्या पानांत धोंडसाचा उरलेला तुकडा बांधून दिला. "माथा छान तांबूस झाला हो," त्या म्हणाल्या, "गूळ मात्र अंमळ कमी पडला. पुढच्या वर्षीं लक्षांत ठेवा."