माओकाँगची चहादाणी

तैवानची राजधानी तैपेई. तिच्या दक्षिणेस माओकाँग ही चहामळ्यांची डोंगरवस्ती आहे. २००७ पासून तेथे हवाई पाळण्याने जाता येते. आदल्याच दिवशी यिंगगे या कुंभारांच्या गावी आम्ही हातघडणीची, मुठीत मावेल एवढी बिनझिलईची चहादाणी घेतली होती. तीतच ऊलाँग चहा करावा, असा आम्ही हट्ट धरला. ती आधी पाण्यात उकळून घ्यावी, असे मळ्यातील आजीबाईंनी खुणेने सुचविले. आम्ही ऐकले नाही. पहिला घोट निव्वळ मातीचा लागला!

आजीबाईंनी मुकाट्याने चहादाणी उकळली व पाने नव्याने घातली. ऊलाँगची पाने काळ्या चहाप्रमाणे पूर्ण काळवंडू देत नाहीत; मध्येच तापवून थांबवितात, मग वळून गोळ्या करतात. दूध नाही, साखर नाही. कढत पाणी ओतावे व मिनिटभरात गाळावे. पहिल्या खेपेस गोळ्या जेमतेम सैलावल्या. तिसऱ्या खेपेस मात्र सोनेरी पाण्यास भाजणीचा व फुलांचा गंध आला आणि घशात गोडी रेंगाळली. त्याच पानांवर आजीबाईंनी सहा वेळा पाणी घातले. आम्ही घरी एका उकळीतच सारा कस काढून चोथा फेकून देतो!

ती चहादाणी आज आमच्या मेजावर आहे. तिचा मातकट वास गेला. आमची घाई अद्याप पुरती गेलेली नाही.