सोशिक उमेदवार

आमच्या शाखेच्या एटीएममध्ये दुपारचा एक कुत्रा झोपायला येतो. खातं नाही, कार्ड नाही, पण बँकेच्या सोयींचा पुरेपूर लाभ घेणारा आमचा हा एकमेव समाधानी ग्राहक. परवा त्याला ओलांडून मॅनेजरसाहेब आत आले नि मला म्हणाले, "ऑडिटला रात्री थांबावं लागेल हं. तुम्ही सोशिक, म्हणून हक्कानं सांगतो."

'सोशिक' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. लायकाची निवड याच गुणावर झाली होती!

अंतराळात पाठवायला रशियन शास्त्रज्ञांनी कुत्र्या घेतल्या त्या मॉस्कोच्या रस्त्यावरच्या. थंडी आणि उपास सोसलेलं जनावर रॉकेटही सोसेल, हा हिशोब. घरंदाज कुत्र्यांचा अर्जच बाद. शिवाय मादीच हवी, कारण एवढ्याशा डब्यात पाय वर करायला जागा कुठली? मग परीक्षा. उमेदवाराला दिवसेंदिवस पिंजऱ्यात कोंडायचं आणि पिंजरा लहान लहान करत न्यायचा. जी कुरकुरणार नाही, ती पास. (मी कॅश काउंटरला सात वर्षं काढली आहेत. असो.)

माझा आदर्श म्हणजे बोबिक. 1951 साली ऐन उड्डाणाच्या तोंडावर हा पठ्ठ्या चक्क पळाला. बदलीचा वास लागताच मेडिकलवर जाणारी मंडळी आमच्याकडेही आहेत, पण ती निदान अर्ज तरी टाकतात! शास्त्रज्ञांनी तिथंच हिंडणारं एक भटकं उचललं आणि बसवलं रॉकेटात. ना ट्रेनिंग, ना मुलाखत. नाव ठेवलं 'झिब'. 'पळालेल्या बोबिकच्या जागी बदली' अशा अर्थाच्या रशियन शब्दांची ती आद्याक्षरं. आणि हा टेंपररी गडी वर जाऊन धडधाकट परत आला.

लायका परत येणार नव्हती. 3 नोव्हेंबर 1957 ला स्पुतनिक-2 मधून ती निघाली, तेव्हा यान खाली आणायची सोयच केलेली नव्हती. आमच्या टीए बिलालासुद्धा परतीचं तिकीट जोडावं लागतं हो! जाण्याआधी डॉ. याझ्दोव्स्की तिला मुलांशी खेळायला घरी घेऊन गेले होते. त्यांना ठाऊक होतं, तिला नव्हतं. हे वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोला वाटलं, भाजी बिघडली.

ती काही दिवस मजेत जगली, असं जगाला सांगण्यात आलं. खरं बाहेर आलं 2002 साली. उष्णतेनं ती काही तासांतच गेली होती. 45 वर्षं ताळेबंद जुळवून ठेवलेला! त्या कामातले गाझेन्को यांनी 1998 साली पश्चात्ताप बोलून दाखवला. तिच्या मरणाचं समर्थन व्हावं एवढं काही हाती लागलं नाही म्हणाले. बेल्का आणि स्ट्रेल्का 1960 साली पृथ्वीप्रदक्षिणा करून जिवंत परतल्या, स्ट्रेल्काचं पिल्लू तर थेट केनेडींच्या घरी गेलं. पण आई-लेकीचं ते नशीब लायकाच्या कपाळी नव्हतं.

मी साहेबांना म्हटलं, "थांबतो. पण परतीचं काय?"

"रिक्षा करा, व्हाउचर टाका."

मी व्हाउचर आधी टाकलं, सही घेतली आणि मग लेजर उघडलं. तेवढ्यात वॉचमन दांडकं आपटत एटीएमकडे गेला. कुत्रा मुकाट उठला आणि भर उन्हात चालू लागला.

"अरे, निदान भुंकून तरी जा!" मी काउंटरवरून ओरडलो. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.