मालक, ग्रुप आणि ताई

आमच्या घरात कॉम्प्युटर शिकणारा मी पहिलाच. म्हणजे प्रिंटर, टीव्हीचा रिमोट आणि काकांचा मोबाईल, सगळं माझ्याच खात्यात! त्यामुळे २०२३ च्या गणपतीत आजीनं फर्मान सोडलं, "सगळ्यांचे फोटो एका जागी ठेव रे बाबा." मी गुगल फोटोजवर अल्बम केला, लिंक घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि मोकळा झालो. लिंक असेल त्याला दिसेल, वाटेल त्यानं फोटो टाकावेत, सगळं चालू.

लिनक्सचं प्रॅक्टिकल केलेल्यांना एका आकड्यात सांगतो : ७७७. बाकीच्यांसाठी थोडक्यात. लिनक्समध्ये प्रत्येक फाईलच्या बाबतीत माणसांचे तीन प्रकार. मालक, ग्रुप आणि इतर. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. तिघांनाही सगळं देऊन टाकलं की ७७७. ओरलला एवढं सांगितलं तरी सर खूश होतात.

पुढच्या वर्षी ताईचा, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचा, साखरपुडा झाला. दोन दिवसांत अल्बममध्ये शे-दोनशे फोटो आले. चार महिन्यांनी लग्न मोडलं. का, ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर ताईचा फोन आला. "ते फोटो अजून आहेत का रे तिथे?" कुणा लांबच्या मावशींनी ते बघून तिला विचारलं होतं, "काय गं, काय झालं नेमकं?" या मावशी आमच्या ग्रुपवर नाहीतच. लिंक फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचली होती.

त्या रात्री मी पहिल्यांदा सेटिंग नीट वाचलं. आधी लिंक बंद केली. मग वाटलं, ती पुढे पाठवणाऱ्या काकांनाच अल्बममधून काढावं. पण माणूस काढला की त्यानं टाकलेले फोटोही अल्बममधून जातात, आणि आजोबांचे जुने फोटो काकांनीच स्कॅन करून टाकलेले. काका राहिले. साखरपुड्याचे फोटो मात्र एकेक करून काढले.

"झालं," मी ताईला सांगितलं.

"सगळ्यांकडून गेले?"

मी गप्प. ज्यांनी ते स्वतःकडे सेव्ह केले, त्यांच्याकडे ते राहणारच. तिथे मालकाचंही काही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या मागे उभं राहून एकेका नातेवाइकाला फोन लावला. आत्या लगेच म्हणाली, "हो रे, काढते." काका चिडले. "घरातलेच फोटो ना? त्यात लपवायचं काय?"

"काका, अल्बम घरचा, पण फोटो ताईचे आहेत."

थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज. मग "बघतो" म्हणाले. काढले की नाही, माहीत नाही.

मालक मी, ग्रुप म्हणजे खानदान, इतर म्हणजे त्या मावशी. पण जी फोटोत आहे, तिच्यासाठी कुठे रकानाच नाही! फोटो टाकताना ताईला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

आता मी आधी विचारतो. गेल्या दिवाळीत आजीलाही विचारलं. हसून म्हणाली, "टाक की. पण कवळी काढलेला तेवढा नको."