अकरा महिन्यांची शिस्त

भाड्याच्या घरात राहणाऱ्याचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. डोंबिवली पूर्वेतली लग्नानंतरची आमची सगळी वर्षं अशीच गेली. करार, नोंदणी, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती, आणि दहावा महिना लागला की घरमालक काकूंचा फोन, "मग, पुढचं काय ठरवलंय तुम्ही?" वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याची नोंदणी लागत नाही, म्हणून हा अकराचा हिशोब रूढ झाला. महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची केली. कारण गेलं, अकरा राहिले.

या अकरा महिन्यांची अंगाला एक शिस्त लागते. टीव्हीचं खोकं थर्माकोलसकट जपून ठेवायचं. कपाट घ्यायचं ते जिन्याच्या वळणावर फिरेल एवढंच. भिंतीला खिळा मारायचा नाही, चिकटवायचे हुक लावायचे आणि पावसाळ्यात ते घड्याळासकट खाली आले की नवे आणायचे. फॉर्मवर सध्याचा पत्ता डोंबिवलीचा आणि कायमचा पत्ता रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावचा, जिथलं कुलूप आता फक्त गणपतीत उघडतं. असं घर कधीही दोन दिवसांत बांधून होतं. कल्याण पश्चिमेला, खडकपाड्याच्या पुढे, आम्ही पहिलं स्वतःचं घर घेतलं तेव्हा बांधाबांधीचा कुणी बाऊ केला नाही तो त्यामुळेच. कस लागला तो उलट्या कामात. सतत निघायच्या तयारीत असलेल्या संसाराला आता राहायची तयारी करायची होती.

ही तयारी कागदांपासून सुरू होते, हे माझ्या बाबांचं मत. स्वयंपाकघराच्या फरशीचा फोटो मी त्यांना हौसेने पाठवला, तर त्यांचा फोन आला. "फरशी राहू दे. ओसी आली का?" बाबा संशयी नाहीत, पण वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. आमच्या भागातल्या 65 इमारतींची गोष्ट त्यांनी अशीच वाचली होती. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या जोरावर महारेराचे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचे, नोंदणी क्रमांक मिळवले गेले, लोकांनी तो क्रमांक पाहून घरं घेतली, कित्येकांनी बँकेची कर्जं काढली. नोव्हेंबर 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांतल्या लोकांनीही सामान नीट बांधूनच आणलं असेल, दूधही उतू घातलं असेल. निष्काळजी म्हणावं असं त्यांनी काही केलं नव्हतं. सर्वसामान्य माणूस जे तपासतो ते त्यांनी तपासलं होतं. मला त्या बातमीतलं हेच सगळ्यात जास्त टोचतं.

म्हणून आमच्या घरात सगळ्यात आधी आवरली गेली ती फाइल. करारनामा, इंडेक्स टू हा खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मुद्रांक शुल्काची पावती, मंजूर नकाशा, महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र म्हणजेच बाबांची ओसी, बँकेचं पत्र, मालमत्ता कर, महावितरणचा ग्राहक क्रमांक. प्रमाणपत्राची प्रत बिल्डरच्या कार्यालयात नुसती पाहून भागत नाही. त्यावरचा जावक क्रमांक घेऊन महापालिकेत जायचं आणि तिथल्या नोंदीशी ताडून पाहायचा. तिथल्या बाकावर बसलेले अर्धे लोक याच कामासाठी आले होते, आणि हे मला वाईट लक्षण वाटलं नाही.

घर माझ्या एकटीच्या नावावर झालं. त्याचं कारण अगदी रोखठोक आहे. एप्रिल 2021पासून राज्यात स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि खरेदीदारांत पुरुषाचं नाव असलं तर मिळत नाही. नवऱ्याने हिशोब मांडला आणि स्वतःचं नाव खोडलं. कर्जाचा हप्ता मात्र दोघांच्या नावावर.

ताबा घ्यायच्या आधीची पाहणी हा खरा रंजक भाग. करारनाम्यात चटई क्षेत्र 38.50 चौरस मीटर होतं. म्हणजे साधारण 414 चौरस फूट. नवरा टेप घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत रांगत होता. रेरा कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, हे त्याने मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही समजावलं, त्यांनी विचारलं नसताना. मी बादली घेऊन न्हाणीघरात. पाणी ओतायचं आणि ते जाळीकडे जातंय की दाराकडे ते पाहायचं. आमचं दाराकडे आलं. मग रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक फरशीवर टकटक. खाली माल नीट भरला नसेल तर आवाज पोकळ येतो. मोबाइलचा चार्जर प्रत्येक प्लगमध्ये घालून बघायचा, खिडक्या सगळ्या सरकवायच्या, सिंकखाली हात फिरवायचा. सापडलेलं सगळं तारखेसह लिहून साइटच्या इंजिनिअरची सही घेतली. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष दिसला तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी रेराने बिल्डरवर टाकली आहे, पण सही असलेला कागद हातात असला की संभाषण बरंच सौजन्याने होतं.

पाहणीत जे नव्हतं ते सासूबाईंच्या लक्षात आलं. माळा. गिरगावच्या चाळीत आणि पुढे डोंबिवलीतही त्यांचा अर्धा संसार माळ्यावर होता. या घराला माळा नाही. त्यामुळे दोन गोणपाटांत बांधलेल्या त्यांच्या भांड्यांचा निवाडा इथेच, फरशीवर, करावा लागला. मी म्हटलं, "आई, चार पातेली ठेवू, बाकीची मोडीत देऊ." त्या काही बोलल्या नाहीत. एकेक भांडं हातात घेऊन काठावरची कोरलेली अक्षरं वाचत गेल्या. आत्याने डोहाळजेवणाला दिलेला गडू. मंगळागौरीचं ताट. बारशातली वाटी, तिच्यावर नवऱ्याचं पाळण्यातलं नाव, जे आता कुणी घेत नाही. नाव घालणाऱ्याने एका परातीवर "सौ." लिहून पुढे जागाच सोडलेली होती. ती कुणी दिली ते त्यांनाही आठवेना. सगळ्या चाळीचा, नात्यागोत्याचा इतिहास तिथे ठिपक्याठिपक्यांनी कोरला होता, आणि मी त्याचा किलोचा भाव विचारणार होते. शेवटी त्या म्हणाल्या, "आमची नावं भांड्यांवर, तुझं इंडेक्स टूवर. ठेव कुठेतरी." बॉक्सच्या पलंगाखाली आता चादरी नाहीत, स्टील आहे.

प्रत्यक्ष हलवणं एका सकाळचं काम. छोटा हत्ती, दोन खेपा, नव्वद फुटी रस्त्याने पत्रीपूल आणि पुढे गोविंदवाडी बायपासने दुर्गाडी. नवा पत्रीपूल 2021मध्ये खुला झाला तरी तिथे थांबायची सवय वाहतुकीला अजून आहे. देव, मीठ आणि तांदळाचा डबा सासूबाईंनी मांडीवर घेतला होता आणि हमालांना तो देण्याचा प्रश्नच नव्हता.

राहता राहिला खिळा. पहिल्या रविवारी नवऱ्याने हातोडी घेतली आणि खिळा वाकला. दुसरा वाकला. या इमारतीच्या भिंती विटांच्या नाहीत. अॅल्युमिनियमचे साचे लावून सबंध काँक्रीट ओतलेलं, मायवान म्हणतात ते. त्याला हॅमर ड्रिल लागतं. ड्रिलवाला आला, बिट लावलं आणि आधी वायरिंगचा नकाशा मागितला, कारण वायरींच्या नळ्याही त्याच काँक्रीटमध्ये असतात. तो नकाशा बिल्डरकडून मागवून घेतला, फाइलमध्ये घातला, ड्रिलवाल्याला पुन्हा बोलावलं. त्याने कानात कापूस घातला. "मॅडम, कुठं मारू?" सासूबाईंनी एक भिंत दाखवली, नवऱ्याने दुसरी, आणि मी म्हटलं, जरा खाली. तो बिचारा स्टुलावर उभा. एरवी भिंत दुसऱ्याची असायची, त्यामुळे असा वाद आमच्यात कधी झालाच नव्हता. त्याला चहा दिला आणि उद्या यायला सांगितलं.