शारदेचे गोत्र

नाटकाचे वेड आणि नाटकाचा धंदा या दोन गोष्टी एका घरात सुखाने नांदताना आम्ही फारशा पाहिल्या नाहीत. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मात्र त्यांचा संसार गेली पंधरा वर्षे कसाबसा चालविला आहे. हा गृहस्थ नाटके बसवितो. पूर्वीच्या नाटक मंडळ्यांतून तालीममास्तर असत, त्यांस निदान मंडळीच्या बिऱ्हाडी दोन वेळच्या जेवणाची तरी काळजी नसे. आमच्या या दिग्दर्शकास मंडळी नाही आणि बिऱ्हाडही नाही. ज्या निर्मात्याचे बोलावणे येईल त्याचे नाटक उभे करावयाचे, आणि पहिला प्रयोग पार पडला की पिशवी उचलून दुसऱ्या दारी जावयाचे. नव्या नाटकांवर मिळवावे आणि जुन्या नाटकांवर घालवावे, असा त्याचा क्रम आहे.

गेल्या महिन्यात तो आमच्याकडे आला तो येत्या वर्षाचे बेत घेऊन. तीन नाटके, आणि तिन्ही गोविंद बल्लाळ देवलांची. प्रथम ‘संशयकल्लोळ’, मग ‘झुंजारराव’ आणि शेवटी ‘शारदा’. त्याचा हिशेब सरळ होता. ‘संशयकल्लोळा’स प्रेक्षक हमखास येतात, फाल्गुनरावाचा संशय १९१६ साली जितका हसवीत होता तितकाच आजही हसवितो. त्या पैशावर ‘झुंजारराव’, म्हणजे शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा मराठी अवतार. आणि त्यातून जे काही उरेल, किंवा जे काही कर्ज होईल, त्यावर ‘शारदा’.

आमचा जन्म इंग्रजी शिकविण्यात गेला असल्यामुळे पहिल्या दोन नाटकांवर आम्हांस पुष्कळ बोलता आले. ‘संशयकल्लोळा’चे मूळ आर्थर मर्फीच्या १७६१ सालच्या नाटकात आहे आणि त्याचा धागा थेट मोलिएरपर्यंत पोहोचतो, हे आम्ही त्यास दोन पेले चहा होईतो समजावून सांगितले. देवलांच्या सात नाटकांत सर्वस्वी स्वतंत्र अशी एक ‘शारदा’च. तेथे आल्यावर आमची विद्वत्ता एकाएकी आटली, ही गोष्ट आमच्या मागाहून ध्यानात आली.

त्याने ‘शारदे’ची छापील प्रत आमच्यापुढे ठेवली. “सर, नाट्यगृह काही रात्रभर मिळत नाही. पदे निम्मी करावी लागतील. कात्री तुम्हीच चालवा.” आम्ही पेन्सिल घेतली. पदांवर रेघा मारताना जीव हळहळला, पण हात थांबला नाही. तो थांबला लग्नाच्या मांडवात.

वाचकांस कथानक ठाऊक असेलच. पैशाचा लोभी कांचनभट आपली अल्पवयीन मुलगी शारदा ही जरठ भुजंगनाथास देऊ करतो. ऐन मांडवात कोदंड येऊन ते लग्न मोडतो. परंतु मोडतो कशाच्या बळावर? मुलीचे वय पाहून नव्हे, म्हाताऱ्याचे वय पाहूनही नव्हे. वर आणि वधू एकाच गोत्राची निघतात, म्हणून! १८९९ साली इंदूरास किर्लोस्कर मंडळीने हे नाटक प्रथम रंगभूमीवर आणिले, तेव्हा प्रेक्षकांस यात काही वावगे वाटले नसेल. आज त्याचे काय करावे? सगोत्र विवाहास असलेली आडकाठी १९४६ च्या कायद्याने दूर झाली. उलट मुलीच्या वयाची अट १९३० पासून अमलात येऊन १९७८ साली अठरा वर्षांवर गेली. म्हणजे ज्या कारणाने शारदेचे लग्न मोडले ते कारण आज उरले नाही, आणि ज्या कारणाने मोडावयास हवे होते त्यास कायद्याचे बळ आले. त्या १९२९ सालच्या कायद्यास आपल्याकडे कित्येक लोक ‘शारदा कायदा’ म्हणत आणि देवलांच्या नायिकेवरून ते नाव पडले असे समजत. वास्तविक ते अजमेरच्या हरबिलास सारडा यांचे आडनाव.

तेव्हा आम्ही सूचना केली, की गोत्राचा भाग गाळावा आणि कोदंडाच्या तोंडी वयाचीच गोष्ट घालावी. कॉलेजातील मुलांस ती चटकन पटेल, आणि देवलांचाही मूळ हेतू तोच नव्हता का?

आमचा विद्यार्थी सहसा आम्हांस उलट उत्तर देत नाही. त्या दिवशी त्याने दिले. “सर, मांडवात शंभर माणसे बसली आहेत. म्हातारा सगळ्यांना दिसतो आहे, पोरही दिसते आहे. एकजण उठत नाही. गोत्र एक आहे म्हटल्याबरोबर मात्र सगळे उठतात. ते काढले तर नाटकात राहिले काय?”

“पाहू,” असे म्हणून आम्ही त्याची बोळवण केली. प्राध्यापकास निरुत्तर झाल्याचे कबूल करावयाचे नसते तेव्हा तो ‘पाहू’ म्हणतो.

रात्री आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. आम्ही बी. ए. ला असताना तिला ‘शारदा’ पाहावयास घेऊन गेलो होतो. तिचे वय तेव्हा सहासष्ट. सबंध नाटकभर ती हसली नाही, की तिने डोळ्यांस पदरही लावला नाही. परत येताना रिक्षात तिने एवढेच विचारले, “काय रे, गोत्र निराळं असतं, तर?”

आम्ही त्या वयात फार शहाणे होतो. नाटकातील तत्कालीन समाजसुधारणेवर आम्ही तिला एक लहानसे व्याख्यान दिले. तिने ते ऐकून घेतले आणि पुन्हा काही विचारले नाही.

आजीचे लग्न १९३५ साली कोकणात झाले. तिला तेरावे वर्ष होते. आजोबा छत्तीस वर्षांचे, बिजवर, पहिल्या घरची दोन मुले पदरी. मुलीस चौदा वर्षे पुरी असावी असे सांगणारा कायदा अमलात येऊन पाच वर्षे झाली होती. मांडवात वकीलही बसले होते म्हणे. कोणी उठले नाही. गोत्रे निराळी होती.

आजोबा दुष्ट नव्हते. त्यांच्याविषयी कोणीही वाईट बोललेले आम्ही ऐकिले नाही. त्याच संसारात आमचे वडील जन्मले, आणि म्हणून आम्हीही. ते लग्न मोडावयास हवे होते, असे म्हणावे तर आपल्याच अस्तित्वाविरुद्ध साक्ष दिल्यासारखे होते. हवे होते तसेच झाले, असे म्हणण्यास जीभ रेटत नाही. नाटकातील गोत्र गाळण्याची आम्हांस एवढी घाई का झाली, हे त्या रात्री आम्हांस कळले. आम्ही प्रेक्षकांची सोय पाहत नव्हतो, स्वतःची पाहत होतो. देवलांनी गोत्राची कळ फिरवून शारदेस सोडविले खरे. पण ती कळ हाताशी नसती तर तुम्ही काय केले असते, हा प्रश्न त्यांनी मांडवातल्या पाहुण्यांपाशी तसाच ठेवून दिला आहे. जुन्या नाटकात आपणांस ज्याची लाज वाटते, ते गाळण्यापूर्वी ती लाज कोणाची, हे एकदा विचारून पाहावे, असे आता आम्हांस वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मांडवातील पेन्सिलीच्या रेघा रबराने पुसल्या आणि त्या प्रवेशास जागा व्हावी म्हणून आधीची आणखी दोन पदे कापली. विद्यार्थ्यास बोलावून प्रत परत दिली. एकच विनंती केली, की गोत्र फुटते त्याच्या आधी क्षणभर सर्वांस नुसते बसवून ठेव. ऑर्गनही वाजू देऊ नकोस.

तो हसला. “सर, तालीममास्तर तुम्हीच व्हा.”

‘शारदा’ येत्या हिवाळ्यात लागावयाची आहे. ‘संशयकल्लोळा’ने हात दिला तर वेळेवर लागेल, न दिला तर कर्ज काढून लागेल, असे तो म्हणतो. आम्ही आमच्या मुलीस घेऊन जाणार आहोत. गोत्र म्हणजे काय, हे तिला आधी समजावून सांगावे लागेल. तिच्या पणजीने विचारलेला प्रश्नही तेव्हाच सांगू.