पेनड्राइव्हमधली प्रयोगशाळा

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजार समितीत प्रत्यक्ष काय भाव मिळतो, हे तिवसा तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी स्वतः आकड्यांतून काढावं, अशी माझी फार इच्छा होती. ॲगमार्कनेटवर किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव मिळतात. आकड्यांची अडचण नव्हती, अडचण लॅपटॉपची होती.

"दादा, माह्यावर तं चालूनच नाही राह्यलं!" कुणाचं पायथन जुनं, कुणाचं त्यातलं पांडाज पॅकेज नवं. एकाच प्रोग्रामला प्रत्येकाकडे निराळी एरर. शिकवायचं बाजूला राहायचं आणि सगळा वेळ इन्स्टॉल करण्यात जायचा. शेवटी मी डॉकरकडे वळलो.

डॉकर २०१३ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यात पायथन, त्याची पॅकेजं आणि त्यांना लागणारी लिनक्सची सामग्री एकाच इमेजमध्ये बांधलेली असते. लॅपटॉपवरच्या पायथनला हातही लागत नाही. पायथन लिहून चालवायची 'नोटबुक' देणाऱ्या ज्युपिटरवाल्यांनी अशा तयार इमेज ठेवल्या आहेत. त्यातली 'सायपाय-नोटबुक' मी निवडली, तीही 'लेटेस्ट' नाही, तर ठरावीक तारखेच्या टॅगची. 'लेटेस्ट' आज एक असतं, सहा महिन्यांनी दुसरं.

इमेज काही जीबींची. प्रत्येकानं मोबाइलच्या नेटवर ती उतरवायची म्हटलं तर डेटा पुरला नसता. म्हणून मी एकदाच उतरवली, 'डॉकर सेव्ह' करून टार फाइल बनवली आणि पेनड्राइव्हवर दिली. पोरांनी 'डॉकर लोड' केलं की झालं. पुढे त्या इमेजमधून कंटेनर चालू केला की नोटबुक ८८८८ पोर्टवर, आपल्याच मशीनवर उघडते. नेट गेलं तरी काम थांबत नाही. तालुक्याच्या गावाला कंटेनरचा खरा उपयोग हाच, असं माझं ठाम मत झालं आहे.

काही लॅपटॉपवर बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागलं. कमी रॅमवाल्यांसाठी विंडोजमधल्या लिनक्सला मेमरीची मर्यादा घालून दिली. कंटेनर काढून टाकला की त्याच्या आत लिहिलेलं जातं, म्हणून भावांच्या फाइली आणि नोटबुका लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर आतल्या 'वर्क'शी जोडला.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते आलेखावरच्या मराठीनं. मॅटप्लॉटलिबमध्ये अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या डॉकरफाइलमध्ये लोहित देवनागरी फॉन्ट घातला, तर चौकोन गेले. पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि आमच्या गावाचं नाव 'तविसा' दिसू लागलं. आमच्या इमेजमधलं मॅटप्लॉटलिब देवनागरीची जुळणी करत नव्हतं. म्हणून प्लॉटली घेतलं; त्याचा आलेख ब्राउझर काढतो आणि ब्राउझरला ती जुळणी येते. तेही डॉकरफाइलमध्ये घातलं, इमेज पुन्हा बांधली, पेनड्राइव्ह पुन्हा फिरला. आता सगळ्यांच्या पडद्यावर सोयाबीनचा भाव एकाच रेषेत दिसतो, हमीभावाची आडवी रेघ तिच्याच शेजारी, आणि खाली 'तिवसा' नीट लिहिलेलं.

अमरावती-अकोल्याकडच्या महाविद्यालयांना माझं कळकळीचं सांगणं आहे: अशी एक टार फाइल, नावात तारीख घालून, लॅबच्या डिस्कवर ठेवा आणि पोरांना पेनड्राइव्ह घेऊन येऊ द्या.